दुसऱ्या ब्रेकची वही

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईकडून कळलं की तुला नोकरी लागली, आणि नोकरीत काम काय, तर आपोआप चालणाऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आणि काही करायचं नाही. लहानपणी तुला पाच मिनिटं एका जागी बसवायला तीन माणसं लागायची, म्हणून तर मी तुझं नाव भिंगरी ठेवलं. आता तुला बसायचा पगार मिळतो! जगात न्याय म्हणून काही उरला नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन लावला की तुझी मामी तो स्पीकरवर टाकते. मग मी बोलतो एक वाक्य आणि ती बोलते सात. आणि मला जे विचारायचंय ते तिच्या देखत नको.

आमचं बरं चाललंय. ड्रायव्हिंग स्कूल मी मागच्या वर्षी इंडिकेटरच्या हवाली केलं. इंडिकेटर म्हणजे माझी ती जुनी विद्यार्थिनी, जी अंगणातून गाडी काढतानाही इंडिकेटर द्यायची. स्कूलची जुनी गाडी मात्र मी घरी आणली. तिला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्या मास्तरच्या पायाशी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्यातूनच मामीची रोपं टेकडीवरून खाली गावात जातात. सात किलोमीटर, अकरा वळणं, आणि बस नाही. रोपवाटिका आता दोन हजार रोपांची झालीय आणि ती खाली पोचवणारा ड्रायव्हर एकच, तो म्हणजे अस्मादिक.

गेटचा डावा खांब तेवढा गेल्या महिन्यात दोनदा गाडीला लागला. तेहतीस वर्षं गपगुमान उभा होता, आता या वयात त्याला काय सुचलं कोण जाणे. मामी त्यावर काही बोलली नाही. ती काही बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या दादाला यातलं काही कळू देऊ नकोस. आमचे चिरंजीव आधीच दर रविवारी त्यांच्या हायब्रीड गाडीतून येतात आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आमच्यासाठी एक खोली रिकामी असल्याची आठवण करून देतात. मी गाडी चालवतोय तोवर हे घर आणि ही रोपं आहेत. ऑगस्टमध्ये माझं लायसन्स संपतंय. नवं करताना डोळे तपासतात. तेही होईल.

तर प्रश्न असा. तुमची ही गाडी बाजारात कधी येणार? एक वर्ष? दोन? आपलं सहज विचारतोय.

तुझा
मामा

१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तुमचं पत्र ऑफिसात आलं तेव्हा सगळे बघायला जमले. माझ्या बाजूला बसणाऱ्या मुलाने तर पाकीट हुंगून पाहिलं.

गाडी बाजारात कधी येणार म्हणे! मला माहीत आहे तुम्ही मला चिडवताय. म्हणून खरं उत्तर ऐका : दहा वर्षं. तोवर तुम्ही अकरा वळणांवर तिला शिकवून काढा, आमचा त्रास वाचेल. सध्या ती फक्त ठरलेल्या बारा रस्त्यांवर चालते, तेही ऊन असेल तर. पाऊस पडला की आमच्या मॅडम सगळ्यांना घरी पाठवतात.

आणि बसायचा पगार काय म्हणता? हात स्टिअरिंगपासून बोटभर लांब, पाय ब्रेकच्या वर अधांतरी, आणि तसं सलग दोन तास. गाडी स्वतः वळते, थांबते, निघते. आपल्याला वाटलं की आता काही खरं नाही, तर आपण गाडी हातात घ्यायची. घरी येते तेव्हा पोटरीत गोळे आलेले असतात. तरी घरी येताना मजा येते, कारण मी स्वतःसाठी इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, सेकंडहँड, छोटी, पिवळी. आवाजच नाही. रात्री जिन्याखाली प्लग लावायचा, सकाळी पूर्ण भरलेली. आणि मामा, नुसता पाय उचलला की ती आपली आपण मंदावते, आणि मंदावताना थोडी बॅटरीही भरून घेते. तुमच्या उतारावर तर ती खाली पोचेपर्यंत मोबदला वसूल करील.

आता माझं रडगाणं. मागच्या आठवड्यात मी एक्केचाळीस वेळा गाडी हातात घेतली. बाकीच्यांची सरासरी नऊ. मॅडमनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुला भीती वाटते का?" मी नाही म्हटलं. पण खरं सांगू, मला कळतच नाही. तीन महिन्यांची मुदत आहे, एप्रिलमध्ये ठरणार की मला ठेवायचं की नारळ द्यायचा. तुम्ही चौतीस वर्षं दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलात. तुम्हाला कसं कळायचं कधी दाबायचा?

खांबाचं म्हणाल तर मामीने कुंड्या हलवल्या असणार. तुमचा अंदाज कुंडीवर असतो.

तुमची
भिंगरी

३ मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. दहा वर्षं म्हणालीस ते वाचलं. बरं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सांगतो, ते मी आजवर घराबाहेर फक्त इंडिकेटरला सांगितलंय. मी वही ठेवायचो. लोकांना वाटायचं मास्तर फीचं लिहितोय. मी लिहायचो माझा पाय. दिवसभरात दुसरा ब्रेक जितक्या वेळा दाबला तितक्या ओळी. कुठे दाबला, मला काय दिसलं, शिकणाऱ्याला ते दिसलं होतं का. आणि संध्याकाळी घरी आल्यावर, चहा पिऊन डोकं थंड झालं की प्रत्येक ओळीपुढे दोनपैकी एका खान्यात रेघ मारायची. एक खाना 'चूक', दुसरा 'भीती'. शिकणारा खरंच चुकला होता म्हणून दाबला, तर पहिल्यात रेघ. तो थांबणारच होता, पण माझाच जीव वरखाली झाला म्हणून दाबला, तर दुसऱ्यात.

पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त रेघा दुसऱ्या खान्यात होत्या. मला वाटायचं मी त्यांना वाचवतोय. त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं की आपल्याला काही येत नाही. पहिल्या खान्यावरून विद्यार्थ्याची परीक्षा होते आणि दुसऱ्यावरून मास्तरची. सलग तीन दिवस खाना कोरा राहिला की पास समजायचं, मग तो कोणाचाही असो.

तेव्हा तुझे एक्केचाळीस लिहून काढ. स्वतःशी खोटं बोलू नकोस, मॅडमशी वाटेल तेवढं बोल.

जाता जाता एक गंमत. तुझी मामी या गाडीत माझ्या शेजारी बसते तेव्हा दुसरा ब्रेक तिच्या पायाशी येतो. त्याला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही अशी माझी पहिल्यापासून ताकीद, म्हणून बिचारी इतकी वर्षं पाय आखडून बसायची. पण खांबाच्या भानगडीपासून ती ब्रेक दाबायला लागलीय! मी चिडलो, तर म्हणाली, "तुमच्यासारखी वही घालते, मग तर झालं?" खरंच घातली. गेल्या महिन्यात नऊ वेळा दाबला. मी तिच्या वहीवर संध्याकाळी बसून रेघा मारल्या. नऊच्या नऊ 'भीती'. बायकोची जात भित्री, करणार काय. ही ओळ मामीला दाखवू नकोस.

तुझा
मामा

२४ मार्च

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार, आणि तोही खरा!

मी दोन आठवडे वही घातली. पहिल्या संध्याकाळी हसू आलं, दुसऱ्या संध्याकाळी नाही आलं. एकूण शंभराला दोन कमी. त्यातल्या एकतीस वेळा मी नुसतीच घाबरले होते, ते मी मुकाट्याने 'भीती'त टाकलं. उरल्या सदुसष्ट. त्या वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच शब्द येतोय : डावीकडे. डावीकडून सायकल. डावीकडे उभ्या टेम्पोमागून बाई. डावीकडच्या गल्लीतून कुत्रा. उजवीकडचं गाडी पार लांबून ओळखत होती.

वही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग गाडी शेडमध्ये घ्यायला लावली. मामा, गाडी धुणाऱ्यांच्या पाण्याच्या मोठ्या फवाऱ्याने डाव्या कोपऱ्यातला सेन्सर किंचित वाकला होता. नखभर. त्यामुळे डाव्या बाजूची एक पट्टी तिला दिसतच नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडीने कधी तक्रार केली नाही. तिच्या पडद्यावर काळा डाग नाही, लाल दिवा नाही, काही नाही. आपल्याला दिसत नाही हेच तिला ठाऊक नव्हतं. तिला आपलं वाटत होतं की तिकडे कोणी नाहीच.

बाकीचे नऊच वेळा गाडी हातात घेत होते, कारण त्यांच्या गाड्या धडधाकट होत्या. माझीच आंधळी होती आणि सगळे मला भित्री म्हणत होते. मी स्वतःलासुद्धा म्हणत होते.

आता दर आठवड्याला सगळ्यांनी वही घालायची असा हुकूम निघालाय. तुमचं नाव सगळीकडे झालंय, 'वहीवाले मामा' म्हणून. लवकर लिहा. आणि मामीच्या वहीत पुढे काय काय भर पडली तेही कळवा, आम्हाला हसायला काहीतरी हवं.

तुमची
भिंगरी

२० एप्रिल

प्रिय मामा,

चार आठवडे होत आले, तुमचं उत्तर नाही. फोन केला तर मामी म्हणते, "ठीक आहेत, वाफ्याला पाणी घालतायत." तीनदा फोन केला, तिन्ही वेळा पाणीच घालतायत. इतकं पाणी घातलं तर रोपं कुजतील.

मी काही चुकीचं लिहिलं का? 'वहीवाले मामा' हे नाव आवडलं नाही का? मी ते प्रेमाने लिहिलं होतं.

नोकरी पक्की झाली. ही बातमी मला पहिली तुम्हाला द्यायची होती.

भिंगरी

२८ एप्रिल

चि. भिंगरीस,

मामीचा आशीर्वाद. मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. फोनवर सांगितलं असतं, पण ते घरातच असतात आणि हल्ली त्यांना सगळं ऐकू येतं.

तुझं पत्र त्यांनी चहाच्या वेळी मला मोठ्याने वाचून दाखवलं. कौतुकाने वाचत होते, मध्ये मध्ये मांडीवर थाप मारत होते. "आपल्याला दिसत नाही हेच तिला ठाऊक नव्हतं" इथपर्यंत आले आणि थांबले. ती ओळ परत वाचली, पण मनात. मग उठले आणि माझी वही घेऊन आले. मार्च धरून सतरा ओळी झाल्या होत्या. मी साधं लिहिते, जे दिसलं तेवढंच. डावीकडून सायकल. डावीकडे म्हातारे गृहस्थ. डावीकडे खांब. त्यांनी सतराही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग पेन घेतलं, स्वतः मारलेल्या 'भीती'तल्या सगळ्या रेघा एकेक करून खोडल्या आणि 'चूक'मध्ये मारल्या. मला म्हणाले, "तू भित्री नव्हतीस गं." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, असं काही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला एवढंसुद्धा बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंडिकेटरला बोलावून तिच्या गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांच्या कडा गेल्यात, डावी जास्त. गेलेलं परत येत नाही. थेंब नियमित घातले तर उरलेलं टिकेल म्हणाल्या, समोरचं छान दिसेल, वाचता येईल. गाडी मात्र नाही. त्यांनी वाद घातला नाही. घरी येऊन किल्ली ओट्यावर ठेवली आणि तेव्हापासून वाफ्यांना पाणी घालतायत. तुला खोटं सांगितलं नव्हतं.

त्यांनी तुला ती गाडी कधी येणार असं विचारलं होतं, हे मला आत्ता कळलं. तुला ती चेष्टा वाटली. तुझी चूक नाही, त्यांना गंभीरपणे काही विचारताच येत नाही.

चिरंजीव येऊन गेले. फ्लॅटच्या खोलीत आमचं कपाट बसतं का ते टेपने मोजून ठेवलंय त्यांनी. मुलगा वाईट नाही, काळजीपोटी करतो. पण चौथ्या मजल्यावर मी दोन हजार रोपं कुठे ठेवू? आणि त्यांना तिथे ठेवलं तर ते महिन्याभरात वाळतील.

आता माझा प्रश्न. तुझ्या त्या पिवळ्या गाडीला गिअर नाहीत म्हणे. क्लच पण नाही. एकसष्ट वर्षांच्या बाईला ती शिकता येईल का? तुझ्या मामांनी अख्ख्या गावाला गाडी शिकवली, मला सोडून. एकदा शिकवायला घेतलं होतं. क्लचवरून इतके ओरडले की मी चौकात गाडीतून उतरले आणि चालत घरी आले. त्यानंतर ना त्यांनी विषय काढला, ना मी.

मी विचारलंय हे त्यांना सांगू नकोस. मला आधी उत्तर हवं.

मामी

५ मे

प्रिय मामी,

उत्तर : हो. हो. हो.

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि मग पायरीवर बसून रडले. त्या माणसाने मला सरळ विचारलं होतं आणि मी दहा वर्षं म्हणून विनोद केला. खांबावरही विनोद केला. आंधळी गाडी शोधून काढल्याचा एवढा टेंभा मिरवला, आणि घरचा माणूस पत्रातून सांगत होता ते मला दिसलं नाही.

ऐक. शनिवारी मी पिवळी गाडी घेऊन येतेय आणि ती तिथेच ठेवून बसने परत जाणार आहे. माझ्या नोकरीला कंपनीची बस आहे, माझं काही अडत नाही. चार्जिंगला अंगणातला साधा प्लग चालतो, रात्रभर लावून ठेवायचा, मोबाईलसारखा. इंडिकेटरशी माझं बोलणं झालंय. तिचा फिटर जुन्या गाडीतला दुसरा ब्रेक काढून हिच्यात बसवून देईल, आणि रस्त्यावर तुझ्या शेजारी इंडिकेटर बसेल. तिचे डोळे ठणठणीत आहेत आणि तुमच्या गावात तिच्याइतका सावध पाय दुसरा नाही.

पण शिकवणार मामाच. मागच्या सीटवरून. तोंडाने. ही अट मी इंडिकेटरला घातली, तर ती म्हणाली की ही तिचीच अट होती.

मामांना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्या मते सांगूच नकोस. नुसती पिवळी गाडी दाखव आणि म्हण, "ही बंद कशी करायची ते जरा बघता का?"

तुझीच
भिंगरी

३० जून

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुम्ही तिघींनी मिळून मला चांगलाच मामा बनवलात, आणि मी तर मुळातच मामा. जवळजवळ चार महिने लिहिलं नाही. राग तुझा नव्हता. त्या खांबाला मी नावं ठेवली, त्याची लाज वाटत होती.

आता बातम्या. तुझी ही पिवळी मला आधी आवडली नव्हती. आवाज नाही तर गाडी चालू आहे हे मास्तरला कळणार कसं? पण पहिल्याच दिवशी जुन्या वीटभट्टीच्या मैदानावर मामीने पाय उचलला आणि गाडी शहाण्यासारखी मंद झाली. भिंगरे, चौतीस वर्षं माझा घसा एकाच वाक्यावर बसला, "पाय उचला!" आणि कोणीतरी ते ऐकून त्याची गाडी केली! मी मागच्या सीटवर टाळ्या वाजवल्या. मामी म्हणाली, "ओरडू नका." मी म्हटलं, "टाळ्या आहेत." ती म्हणाली, "त्याही नको."

मागच्या सीटवरून गाडी शिकवणं फार अवघड. पायाशी काही नाही, म्हणून सगळं शब्दांत सांगावं लागतं, आणि तेही वेळेच्या आधी. पूर्वी मी आधी दाबायचो आणि मग सांगायचो. आता सांगितलंच नाही तर संपलं. मला वाटतं मी आता कुठे शिकवायला लागलोय. पहिल्या आठवड्यात एकदाच आवाज चढला. मामीने गाडी बाजूला घेतली, आरशात बघून इंडिकेटर दिला, ब्रेक लावला आणि दार उघडायला लागली. मी लगेच माफी मागितली. गाडी तिने इतकी व्यवस्थित थांबवली होती की बोलायला जागाच नव्हती.

वही इंडिकेटर लिहिते. पहिल्या आठवड्यात 'चूक' चौदा. गेल्या आठवड्यात तीन.

चिरंजीव रविवारी आले होते. आईला अकरा वळणं उतरताना पाहिलं. खाली पोचल्यावर काचेतून आत डोकावले आणि म्हणाले, "बॅटरी वरच्यापेक्षा दोन टक्के जास्त कशी काय?" हायब्रीडवाल्याला इतकं तरी माहीत असायला हवं. टेपचा विषय निघाला नाही.

एक राहिलं. दहा वर्षं म्हणालीस ते मनाला लावून घेऊ नकोस. पण आता पुन्हा विचारतो, आणि या खेपेला सहज नाही : ती गाडी येईल का गं?

तुझा
मामा

१२ जुलै

प्रिय मामा,

आधी पक्क्या गोष्टी सांगते, मग माझं मत.

कधी येईल ते मला माहीत नाही. कोणाला माहीत आहे असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून गाडी घेऊ नका. पण गेल्या महिन्यापासून ती अठरा रस्त्यांवर चालतेय आणि मागच्या गुरुवारी पहिल्यांदा पावसात निघाली. माझी नोंद आता आठवड्याला चार. आणि रोज सकाळी गाडी निघण्याआधी आपले सगळे डोळे स्वतः तपासते, एखादा वाकडा असेल तर जागची हलत नाही. हे आपल्या वहीमुळे झालंय.

आता मत. येईल. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासारख्यांसाठी यायला हवी, म्हणून मी रोज पोटरीत गोळे आणून बसते. तुमच्या आधी आणखी कोणाला तरी आपल्या अंगणातून निघून आपल्या कामाला जाता आलं, तरी मला चालेल.

मॅडमना तुमच्या चौतीस वह्या हव्यात. त्यांचं म्हणणं, माणसं रस्त्यावर कशी कशी चुकतात याची एवढी प्रामाणिक यादी त्यांनी कुठे पाहिली नाही. आमच्या सरावाच्या मैदानावर एकेक ओळ तशीच्या तशी उभी करायची आणि गाडीला सोडवायला द्यायची. द्याल का?

भिंगरी

२१ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. मामी पास! पहिल्या फटक्यात. परीक्षा घेणारा गृहस्थ माझाच जुना विद्यार्थी निघाला, पण त्याला ती कोण हे ठाऊक नव्हतं. खाली उतरल्यावर त्याने विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "मागच्या सीटवरच्या एका माणसाने." मी मागेच गर्दीत उभा होतो, पण तिने काही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नंतर गाडीत बसल्यावर मात्र डोळे पुसत होती.

त्याच इमारतीत मी माझंही काम उरकलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "नूतनीकरण?" म्हटलं, "नाही, परत करायला आलोय." त्यांच्याकडे त्याचा फॉर्मच नव्हता. अर्धा तास शोधाशोध झाली, शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. मग बाहेर आलो तर तुझी मामी गाडी वळवून दारात घेऊन उभी होती, उजवा इंडिकेटर चालू.

लायसन्स मिळालं म्हणून फिटरने दुसरा ब्रेक काढून पुन्हा जुन्या गाडीत बसवला आणि ती गाडी इंडिकेटर स्कूलला घेऊन गेली. आमची स्वतःची इलेक्ट्रिक पुढच्या आठवड्यात येतेय. रंग मामीने निवडला, मला विचारलं नाही. तेव्हा पुढच्या शनिवारी तुझी पिवळी परत करायला आम्ही येतोय. एकशे नव्वद किलोमीटर. वाटेत निम्म्यावर चार्जिंगला चाळीस मिनिटं थांबू, मामीने डबा आणि विणकाम दोन्ही घेतलंय. डिकीत चौतीस वह्या, आणि तुझ्या जिन्याला दोन रोपं. येताना बस. शनिवारी संध्याकाळी मला तुमच्या गाडीतून एक फेरी मारायला मिळेल का, ते मॅडमना विचारून ठेव. तू ड्रायव्हरच्या सीटवर बस, पाय अधांतरी ठेव. मी तुझ्या शेजारी बसेन आणि एक शब्द बोलणार नाही. बोललो तर उतरून चालत जा, तशी आपल्या घरात रीत आहे.

आता शेवटचं. दुसरा ब्रेक काढल्यापासून मी पुढे मामीच्या शेजारी बसतो. पायाशी नुसती चटई. पहिल्या दिवशी गावात जाताना मी ती चटई सहा वेळा दाबली. संध्याकाळी चहा पिऊन पस्तिसावी वही उघडली आणि सगळं लिहून काढलं, कुठे दाबली, मला काय दिसलं, तिला ते दिसलं होतं का. तिला सहाही वेळा माझ्या आधी दिसलं होतं. सहा रेघा 'भीती'त मारल्या. दुसऱ्या दिवशी चार, पुढच्या शुक्रवारी एक.

मंगळवारी एकही नाही. बुधवारी मुद्दाम गाडी काढायला लावली, एकही नाही. आज गावातून, भर बाजारातून, सायकली आणि टेम्पो आणि शाळा सुटल्याची गर्दी यांतून तिने गाडी वर आणली, गेटातून आत घेतली, आणि डाव्या खांबापासून वीतभर लांब लावली. घरी येऊन मी वही उघडली तर लिहायला काही नव्हतं.

सलग तीन दिवस खाना कोरा आहे, भिंगरे. मी पास झालो.

तुझा
मामा